रॉकचं गाणं ‘बसतं’ म्हणजे नक्की काय होतं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी सांगलीत विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर भाच्याशी वाजलं. लेड झेपेलिन ह्या इंग्लिश रॉक बँडचं 1971 मधलं ‘स्टेअरवे टू हेवन’ त्याला ऐकवायला घेतलं होतं. आठ मिनिटांचं गाणं. त्यानं पंधराव्या सेकंदाला फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाला, “मामा, ह्यात अजून कोणी आलंच नाही.”

अरे, म्हणूनच तर ऐकायचं! जॉन बॉनमसारखा दणकट ड्रमर तिथं चार मिनिटं हात बांधून बसलाय. आधी एकटी गिटार, मग बासऱ्या, मग गाणारा. ड्रम्स येतात तेही दबकत. खरा धुमाकूळ शेवटच्या दोन मिनिटांत. हाच धुमाकूळ पहिल्या मिनिटाला घातला असता तर मीही फोन परत दिला असता.

आपण म्हणतो ना, नाटक ‘बसलं’? तसं काही गाणी बसलेली असतात. एक सूर इकडचा तिकडे करावासा वाटत नाही. माझं म्हणणं असं की हे सगळं वाट बघायला लावण्यावर आहे. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात रात्र चढल्यावर विलंबित ख्याल ऐकलाय ना? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ येताना मांडव सगळा आधीच पुढे झुकतो. मला हवं ते मला मिळतंच, पण मी मागितलं त्याच्यापेक्षा जरा उशिरा. 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदू तपासले होते. अंगावर काटा येतो तेव्हा डोपामीन, मेंदूतलं सुखाचं रसायन, सुटतं हे एक, आणि काटा यायच्या आधी, नुसत्या चाहुलीनंही सुटतं, मेंदूच्या दुसऱ्या भागात. म्हणजे वाट बघणं ही सुद्धा मजाच.

तर बोला. भाचा हे वाचतो, म्हणून जरा माझ्या बाजूनं बोला.

जवारी

तुमच्या बाजूनं बोलणार नाही, माफ करा. आमचं घर मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याचं काम. गिऱ्हाईक येतं, एक तार छेडतं आणि ‘हा’ किंवा ‘नको’ म्हणतं. त्याला आठ मिनिटं लागत नाहीत. रॉकचंही तेच. पहिला आघात कानावर पडला की कळतं.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की तार घोडीच्या पाठीला चाटत चाटत वाजते आणि एका स्वरातून वरचे दहा स्वर फुलतात. ती जवारी. दोरा काढा, तीच तार ठण्ण वाजून गप्प बसते. आता 1964 मधला इंग्लंडचा डेव्ह डेव्हिस घ्या, किंक्स बँडचा गिटारवाला. अँप्लिफायरचा आवाज फार गुळगुळीत वाटला म्हणून पोरानं स्पीकरचा पडदा ब्लेडनं कापला. फाटलेल्या पडद्यातून जो खरखरीत आवाज आला त्यावर ‘यू रिअली गॉट मी’ उभं आहे. मी तर म्हणतो त्यानं स्पीकरला जवारी काढली.

आणि त्यात वाजतं काय? ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ते म्हणजे सा आणि प. बस. तंबोऱ्याच्या तारांतही तेच, पंचम आणि षड्ज. गंधार, म्हणजे ग, लावतच नाहीत, कारण एवढ्या खरखरीत गंधार घातला की चिखल होतो. गिटारीचा गंधार तसाही किंचित चढा असतो, तो खरखरीत उघडा पडतो. सा-पचं प्रमाण दोनास तीन. दोन्ही स्वर एकत्र फाटले की त्यांच्या फरकातून खालचा खर्ज आपोआप उभा राहतो, म्हणून दोनच स्वर छातीत बसतात. आमच्याकडे खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू आला की तंबोरा जुळला म्हणतात. इथं पाताळातून षड्ज येतो. वाट कशाची बघायची?

कृष्णाकाठ

जवारीबुवा, झकास लिहिलंत. पण नुसता जुळलेला तंबोरा ऐकायला कोण तिकीट काढतं? आवाज म्हणजे भांडं झालं. त्यात शिजवलं काय ते सांगा. ‘यू रिअली गॉट मी’सुद्धा एकाच जागेवर बसून राहत नाही, तीच चाल वरच्या पट्टीत उचलून नेतो तेव्हा मजा येते. तिथंही थांबवलेलंच असतं आपल्याला.

शिवाय एक दुरुस्ती. जवारीत तार घोडीला चाटते, अँप्लिफायरमध्ये लहरीचा माथाच कापला जातो. रस्ते वेगळे.

जवारी

रस्ते वेगळे, गाव एकच. वरचे स्वर पाहिजेत, एवढंच.

सेकंड शिफ्ट

दोगंबी लई शिकल्यालं बोलताय. मी कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर हाय, वीस वर्सं झाली. आमच्या शॉपमदल्या एका पोराचं बोट डोळ्यादेकत गेलंय, तवापासनं ब्लॅक सॅबथ मला येगळं ऐकू येतं.

टोनी आयोमी, त्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला, बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला हुता. 17 वर्साचं पोरगं. नोकरीचा शेवटचा दिवस, आन्‌ मशिनीत उजव्या हाताच्या मदल्या दोन बोटांची टोकं गेली. हा गडी डावखुरा, म्हंजे तारा दाबायचा हातच गेला. लोक म्हनले, संपलं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरनं कातडं चिकटवलं. दुखायचं म्हनून बारीक तारा घातल्या. फुडं तारा सैल करून सूरच खाली उतरवला. त्यो जो जड, खालून येनारा आवाज, ज्याला आज जगभर मेटल म्हंत्यात, त्यो असा आला. कुनी बसून आखलेला न्हाय.

गानं कवा बसतं? करनाऱ्याला दुसरं काय करता येतच न्हवतं असं वाटतं तवा. समदी सोय असल्याला मानूस कितीबी गोड वाजवू दे, मला त्यात कायतरी कमी लागतं. मान्य नसंल तर सांगा, शिफ्ट सुटली की उत्तर देतो.

गावभागातली

सेकंड शिफ्ट, नमस्कार तुम्हाला. पण ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे म्हणून आवाज जड लागतो की आवाज जड आहे म्हणून गोष्ट आवडते? मला आयोमीच्या बोटांचं आत्ता तुमच्याकडून कळलं. गाणी मात्र बारावीपासून ऐकतेय.

माझा मुद्दा वेगळाच आहे. आमच्या घरात इंग्रजी रॉक आलं ते भावाच्या कॅसेटमधून, तो पुण्याहून सुट्टीला यायचा तेव्हा. शब्द ढेकळाएवढे कळायचे नाहीत. मी आणि मैत्रीण गच्चीवर वाळवणं राखताना मोठमोठ्यानं काहीबाही ओरडायचो, नुसते ध्वनी. पुढे कॉलेजात आल्यावर शब्द वाचले आणि दोन-तीन लाडकी गाणी मनातून उतरली! तराण्यात ‘नोम तनन दिरदिर’ला अर्थ विचारतो का आपण? आपल्यासारख्यांना रॉक तराण्यासारखं भेटलं, हे आपलं भाग्य समजा.

आणि इंग्रजीवाल्यांना तरी कुठे कळतं? 1963 मध्ये किंग्जमेन बँडनं ‘लुई लुई’ गायलं. उच्चार इतके गोधडीत गुंडाळलेले की त्यात अश्लील काहीतरी आहे अशी बोंब उठली. एफबीआयनं तपास केला, तबकडी वेगवेगळ्या वेगानं वाजवून पाहिली आणि शेवटी कुठल्याच वेगात काही कळत नाही म्हणून हात टेकले. त्याच गाण्यात गिटारीचा तुकडा संपल्यावर गाणारा चुकून लवकर सुरू करतो, गप्प होतो, ड्रमवाला ती फट बुजवतो. सगळी चूक तशीच ठेवून तबकडी निघाली आणि लोक साठ वर्षं नाचताहेत.

हरिपूरकर

मी सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

लेड झेपेलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ मी वीसेक वर्षं ऐकत होतो. ड्रम्स भारी आहेत, एवढंच मत. त्या ड्रम्सची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात जिन्याखालच्या दालनात बॉनमला बसवला आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत सोडले. मूळ गाणं त्यांचं नव्हेच. 1927 मध्ये मिसिसिपीला महापूर आला, त्यावर कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी या जोडीनं 1929 मध्ये ते गायलं. कृष्णेवरचा आपला आयर्विन पूलही 1929 चाच.

ऑगस्ट 2019. पाणी घरात शिरून तिसरी रात्र. आम्ही वरच्या मजल्यावर. लाइट नाही. मी बॅटरीच्या उजेडात जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, सातवी बुडाली की आठवी. ज्याचा फोन लागेल तो एकच विचारायचा, “आयर्विनला पाणी किती?” पुढे आकडा 57 फुटांच्या वर गेला. 45 ला धोक्याची पातळी म्हणतात. चार्जिंग संपत आलेलं, तरी रात्री दोनला मी ते गाणं एकदा लावलं, अगदी बारीक आवाजात, पोरगी झोपली होती. तो ठोका जिन्यातून वर येत होता. आमच्या जिन्यातून. बांध फुटला तर राहायचं कुठं, ह्या अर्थाचं ते गाणं आहे, हे मला शब्दशः माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं.

त्या रात्रीनंतर त्या गाण्यात मला खोट दिसत नाही. ध्वनिमुद्रण तेच, 1971 चं. बदललं काय? म्हणून म्हणतो, वाट, जवारी, बोटं, सगळं बरोबर असेल, पण बसायची जागा ऐकणाऱ्याकडे असते. ती रिकामी असेल तर गाणं नुसतं दारात उभं राहतं.

बाराखडी

हरिपूरकर, वाचून गप्प झालो. पण एक सांगतो, गावभागातल्या ताईंचा तराण्याचा मुद्दा इथंच पडतो. तुम्हाला त्या गाण्याचा अर्थ ठाऊक होता म्हणून ते पुरात भेटलं. ‘दिरदिर’ असतं तर पाणी आणि गाणं यांची गाठ पडली नसती.

गावभागातली

तसं असतं तर पुरावरचं कुठलंही गाणं चाललं असतं. त्यांनी 1929 चं मूळ गाणं का नाही लावलं? शब्द तर बरेचसे तेच.

जवारी

मी काय म्हणत होतो! जिन्याचा घुमारा. मूळ गाण्यात दोन गिटारी आहेत, चाल हलकी, जवळजवळ नाचरी. इकडे बॉनमचा ठोका वाड्याच्या पोकळीतून येतो. आवाजानंच काम केलं.

हरिपूरकर

मूळ गाणं फोनमध्ये नव्हतं, हो. एवढंच.

मीच_तो_भाचा

मामा, नावानिशी बदनामी केली नाहीत म्हणून आभार.

आता माझं ऐका. तुमच्या वेळी कॅसेट होती. पुढं ढकलायचं म्हणजे बटण दाबून अंदाजानं सोडायचं, नाहीतर पेन्सिल घालून फिरवत बसायचं. म्हणून तुम्ही चार मिनिटं थांबलात. त्याला आता ‘वाट बघण्याचं सौंदर्य’ म्हणताय. पळवता आलं असतं तर तुम्हीही पळवलं असतं, खरं सांगा. आणि इथं ज्यांनी ज्यांनी लाडकी गाणी सांगितली ती सगळी त्यांना विसाव्या वर्षाच्या आत भेटलेली आहेत. सतराव्या वर्षी समोर जे येतं ते बसतं.

पण आमच्या बँडची फजिती सांगतो, ती कुणाच्या बाजूची आहे ते तुम्हीच ठरवा. गेल्या महिन्यात खोलीत गाणं रेकॉर्ड केलं. ड्रम्स जरा मागे-पुढे झालेले. मी रात्रभर बसून सॉफ्टवेअरमध्ये एकेक ठोका आखलेल्या रेघेवर नेऊन ठेवला. सकाळी ऐकलं तर चूक एकही नाही आणि गाणं मेलेलं. ड्रमर ऐकून म्हणाला, “हे मी वाजवलंय?” मग रागानं रोलिंग स्टोन्सचं 1969 चं ‘हाँकी टाँक विमेन’ त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातलं. ते सुरुवातीला ज्या लयीत आहे त्यापेक्षा शेवटाला चक्क पळतंय. कुणी रेघेवर आणलेलं नाही.

कृष्णाकाठ

अरे, मग भजनात काय होतं? पहिल्या कडव्याला टाळ निवांत असतात, शेवटी टाळकरी उड्या मारतात. ती चढलेली लय कुणाला चूक वाटते? आणि हे चढणं कळायला आधी हळू ऐकावं लागतं. बसलास ना माझ्याच बाजूला येऊन?

कॅसेटचं मात्र खरं आहे. एका बाजूचं दुसरं गाणं मला आवडायचं नाही, पण पळवायचा कंटाळा म्हणून ऐकायचो. आता त्या अल्बममधलं तेवढंच ऐकतो.

मीच_तो_भाचा

बाजूला आलो नाही. पहिल्या पंधरा सेकंदांतही लय चढवता येते.

सेकंड शिफ्ट

भाचे, रेघंवरनं काढा ते ड्रम आदी. ड्रमर आपला मानूस हाय, प्रेस न्हाय. प्रेस रोज दर ठोक्याला तितक्याच टायमात पडते, आट तास ऐकतो मी. तिच्यावर नाचल्यालं कोन बघितलं न्हाय.

ताईंचं उत्तर राह्यलं. गोष्ट म्हाइत व्हायच्या आदीबी मला ते जड लागायचं. म्हाइत झाल्यावर जास्त. दोनीबी.

जवारी

असं करा, बोलून मिटायचं नाही. येत्या रविवारी सकाळी कामाच्या खोलीवर या. एकाच तारेला दोरा घालून आणि दोरा काढून ऐकवतो. भाच्यानं गिटार आणि त्याचं ते आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शनचं पेडल आणावं. आधी सा-प वाजवायचं, मग त्यात गंधार घालायचा, बघू चिखल होतो का. मामांना बाहेर ओट्यावर बसवू, वाट बघत.

गावभागातली

येते. भडंग माझ्याकडून. शब्दांचा विषय काढणार नाही, बाराखडी आले तर काढेन.

सेकंड शिफ्ट

रविवारी ओव्हरटाइम हाय. दुपारी येतो, तवर तार तोडू नका.

हरिपूरकर

यायचं आहे. पण कोयनेतून विसर्ग वाढवलाय म्हणतात. आयर्विनला शनिवारी रात्री 35 च्या खाली असेल तर येतो, नाहीतर सामान वर चढवत असेन.