बुडख्यापासून पुन्हा लीक: पाणी की माती?

लीक (कांद्याच्या कुळातली, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी) किंवा पातीच्या कांद्याचा मुळांकडचा बुडखा नुसत्या पाण्यात ठेवून पुन्हा पूर्ण भाजी मिळते का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. नवी पाने मुळांच्या लगेच वर असलेल्या चकतीसारख्या आखूड खोडातून फुटतात. त्यामुळे ती चकती शाबूत ठेवून वर दोन-तीन बोटे पांढरा भाग राखावा. पाणी मुळे बुडतील इतकेच असावे आणि रोज बदलावे, कारण पांढरा भाग बुडाला की बाहेरचा पापुद्रा बुळबुळीत होतो व कुजका वास सुटतो. काही दिवसांतच मधली कोवळी पाने बाहेरच्या कापलेल्या कडेवर सरकतात आणि हे पाहणे फार आनंदाचे असते. मात्र ही वाढ मुख्यतः बुडख्यात साठलेल्या अन्नावर होते, म्हणून दांडा जाड व्हावा असे वाटत असेल तर बुडखा लवकरच शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातीत लावून बुंध्याला मातीची भर देत राहणे आवश्यक आहे. लीक द्विवर्षायू (पहिल्या वर्षी वाढून दुसऱ्या वर्षी फुलणारे) असल्याने थंडी अनुभवलेला बुडखा कधी थेट फुलांचा दांडाही काढतो. गाजर-मुळ्याच्या शेंड्यांपासून पुन्हा गाजर-मुळा मिळत नाही; पाला मात्र मिळतो आणि तोही खाण्याजोगा असतो.