होसे रिसालचं बालपण: आईचा दिवा की थोरल्या भावाचा हात?

कोरीव (धागाकर्ता)

फिलिपिन्सचा राष्ट्रवीर होसे रिसाल १९ जून १८६१ रोजी लागुना प्रांतातल्या कालांबा गावी जन्मला. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने मनिलाच्या बागुम्बायान मैदानावर त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या लहानपणाच्या तीन गोष्टी तिथे शाळेपासून सांगितल्या जातात. एक, आई दिव्यापाशी बसून वाचून दाखवते आहे आणि पोराचं सगळं लक्ष ज्योतीवर झेपावणाऱ्या पतंगांकडे. दोन, होडीतून जाताना एक चप्पल पाण्यात पडते, तर हा दुसरीही टाकून देतो, ज्याला सापडेल त्याला जोड मिळावा म्हणून. तीन, आठव्या वर्षी मातृभाषेवर रचलेली 'सा आकिंग मंगा काबाता' ही कविता.

माझं म्हणणं असं की या तिन्ही बाजूला ठेवल्याशिवाय त्याचं बालपण समजणार नाही. पतंगाची गोष्ट खरी आहे, पण ती स्वभाव सांगते, घडण सांगत नाही. चपलेची गोष्ट त्याने स्वतः लिहिलेल्या आठवणींत नाही. कविता बहुधा त्याची नाहीच. आणि या तिघींच्या गर्दीत मागे ढकलला जातो तो पासियानो, त्याचा थोरला भाऊ.

अकरा भावंडांत होसे सातवा. मुलगे दोनच, हा आणि १८५१ सालचा पासियानो. मधे दहा वर्षांचं अंतर. पासियानो मनिलात शिकत असताना फादर होसे बुर्गोस यांच्याकडे राहायचा. स्थानिक पाद्र्यांना त्यांच्या हक्काच्या पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग, मिळाव्यात म्हणून भांडणारे ते हेच बुर्गोस. जानेवारी १८७२ मध्ये काविते इथे शिपायांनी बंड केलं. त्याचं निमित्त करून १७ फेब्रुवारीला गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना बागुम्बायानवर गॅरोटने, म्हणजे गळ्याभोवतीचा लोखंडी पट्टा मळसूत्राने आवळून, मारलं. होसे तेव्हा दहा वर्षांचा होता.

त्याच जूनमध्ये पासियानो त्याला मनिलाला घेऊन गेला. घरातलं रोजच्या वापराचं आडनाव मेर्कादो. पण ते बुर्गोसच्या गोटातलं म्हणून अधिकाऱ्यांच्या डोळ्यावर आलेलं, म्हणून धाकट्याचं नाव त्याने 'रिसाल' असं नोंदवलं. जे नाव आज जग ओळखतं ते एका सावध भावाने शाळेच्या नोंदवहीत घातलेलं नाव आहे. पुढे ३ मे १८८२ रोजी होसे युरोपला निघाला तेव्हा आईवडिलांना पत्ता नव्हता. प्रवासाचे ३५६ पेसो पासियानोने हातावर ठेवले होते.

सांजवारा

पासियानोला मान द्या, पण त्यासाठी रिसालच्या आईला, तेओदोरा आलोन्सोला, खाली ओढायची गरज नाही. 'आईने अंगाई गाऊन देशभक्त घडवला' छापाच्या गोड चित्राला तुम्ही विरोध करता आहात. मलाही ते चित्र नको. पण खरी तेओदोरा त्यात नाहीच.

ती मनिलाच्या सांता रोसा विद्यालयात शिकलेली. स्पॅनिश येणारी. मुलाला अक्षरं आणि प्रार्थना तिने तिसऱ्या वर्षी शिकवल्या. तो पद्यं जुळवू लागल्यावर वाचून चुका काढल्या. घरात हजारावर पुस्तकं होती असं चरित्रकार सांगतात. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी त्या काळच्या कालांबात ही असाधारण गोष्ट. बरं, पतंगाच्या त्या रात्री ती जे वाचत होती ते स्पॅनिश वाचनपुस्तक होतं, आणि मुलाला नीट वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर तिने ते टॅगालॉगमध्ये, म्हणजे घरच्या मातृभाषेत, सांगत वाचलं. दोन भाषांमधली ये-जा त्याने पहिल्यांदा तिथे ऐकली.

आणि दिव्याहून मोठी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही: तिची अटक. तिघा पाद्र्यांच्या देहदंडाच्याच सुमाराची. तिचा सावत्र भाऊ होसे आल्बेर्तो याच्या बायकोला विष घालण्याचा कट केल्याचा आरोप. आरोप उचलून धरणाऱ्यांत सिव्हिल गार्डचा, म्हणजे स्पॅनिश सरकारच्या पोलीस दलाचा, एक अधिकारी होता, ज्याच्या घोड्याला रिसालच्या वडिलांनी एकदा वैरण नाकारली होती. या बाईला कालांबापासून प्रांताच्या मुख्य गावापर्यंत, सांता क्रूसपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर पायी चालवत नेलं. सुटका अडीच वर्षांनी. होसे सुट्टीत वडिलांना न सांगता एकटा तिला तुरुंगात भेटून आला. आठवणींत तो लिहितो की तेव्हापासून, मूल असतानाच, त्याचा मैत्रीवरचा विश्वास उडाला. त्या आठवणी त्याने १८७८ ते १८८१ या काळात, सतरा ते वीस वयात, टोपणनावाने लिहिल्या. बालपणाच्या एवढ्या जवळचा दुसरा पुरावा नाही, आणि त्यात दुखरी जागा आई आहे.

मूळप्रत

आईविरुद्ध भाऊ हा वाद तुम्ही चालवा. मी कवितेचं बोलतो, कारण 'बहुधा त्याची नाही' एवढ्याने भागत नाही, का ते सांगायला हवं.

पहिलं, रिसालच्या अक्षरातली प्रत नाही. छापील स्वरूपात ती १९०६ साली एर्मेनेहिल्दो क्रूस यांच्या पुस्तकात आली. म्हणजे मानलेल्या रचनेनंतर ३७ वर्षांनी आणि रिसालच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

दुसरं, लेखन. १८६९ मध्ये टॅगालॉग स्पॅनिश पद्धतीने लिहीत, 'क'साठी सी किंवा क्यू हे अक्षर. कवितेत मात्र के आणि डब्ल्यू आहेत. ही सुधारणा पार्दो दे तावेरा यांच्या १८८४ च्या अभ्यासानंतर पुढे आली. रिसालने तिचा पुरस्कार केला तो युरोपात, मोठेपणी.

तिसरं, मजकूर. आठ वर्षांचा मुलगा टॅगालॉगची तुलना लॅटिन, इंग्रजी, स्पॅनिश आणि देवदूतांच्या भाषेशी करतो. त्या वयात त्याला लॅटिन जेमतेम येत होतं, इंग्रजी अजिबात नाही.

चौथं आणि सगळ्यात वजनदार, 'कालायाआन' हा शब्द, अर्थ स्वातंत्र्य. रिसाल शिलरचं 'विल्हेल्म टेल' टॅगालॉगमध्ये उतरवत होता. १२ ऑक्टोबर १८८६ च्या पत्रात तो पासियानोला कळवतो की स्वातंत्र्यासाठी शब्दच सापडत नव्हता, 'कालिग्तासान' चालेना, शेवटी त्याच्या देशप्रेमावरच्या लेखाचा जो अनुवाद मार्सेलो देल पिलार यांनी केला त्यात हा शब्द मिळाला. तो अनुवाद १८८२ चा. पंचविसाव्या वर्षी जो शब्द शोधावा लागला तो आठव्या वर्षी सहज कवितेत कसा आला?

लाटवण

मूळप्रत, तुमचा दुसरा मुद्दा टिकत नाही. जुनी कविता नव्या लेखनपद्धतीत छापणं हे संपादक सर्रास करतात. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या छापताना ऱ्हस्वदीर्घ आजच्या नियमांनी बदललेलं आपण पाहतोच, म्हणून पोथी आजची ठरत नाही. १९०६ च्या छपाईत के दिसतो यावरून मूळ रचनेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. इंग्रजीचं म्हणाल तर नाव माहीत असायला भाषा यावी लागत नाही. घरात पुस्तकं होती, काके-मामे शिकलेले होते.

आणि ती कविता काढून टाकली की लहानपणी टॅगालॉगबद्दल त्याला काय वाटत होतं याचा धागाच हातातून जातो.

मूळप्रत

लेखनाचा मुद्दा एकटा पुरेसा नाही, मान्य. मी तो चौथ्याच्या आधी ठेवला हे चुकलं.

पण शब्दाचं पाहा. ओळी बारा अक्षरांच्या आहेत, सहा-सहावर यती. तिसरी ओळ: 'सान-लांग का-ला-या-आन' हे पहिले सहा, 'ना-सा रिंग मा-सा-पित' हे पुढचे सहा. संपादक के बदलू शकतो, त्याने अक्षरसंख्या हलत नाही. 'कालायाआन' मात्र ओळीत घट्ट बसलेला आहे. तिथे आधी स्पॅनिश 'लिबेर्ताद' होता म्हणावं तर ती तीनच अक्षरं, यती मोडते. म्हणजे शब्द बदलला असं म्हणायचं तर ओळ नव्याने रचली असंच म्हणावं लागेल, आणि मग कविता त्याची उरत नाही.

धागा हातातून जातो ही खंत समजते. पण खोटा धागा धरून चालण्यापेक्षा पत्रातला खरा रिसाल जास्त मोलाचा आहे. पंचविशीतला, घरापासून दूर, स्वतःच्या भाषेत एक शब्द मिळत नाही म्हणून अडलेला.

पाटीपेन्सिल

तुम्ही सगळे घरातच अडकलात. शाळा कुणी मोजणार की नाही?

दोन शाळा शेजारी ठेवून पाहा. बिन्यान, जून १८६९, मास्तर हुस्तिनियानो आकिनो क्रूस. उंच, सडपातळ, लांब मानेचा, नेब्रिहा आणि गाइन्सा यांची व्याकरणं तोंडपाठ असलेला माणूस. मुलाचा दिवस रिसालने लिहून ठेवला आहे: पहाटे चारला चर्चमध्ये मास (प्रार्थनाविधी) असेल तर तिथे, नाहीतर पाठ, मग बागेत माबोलोची फळं शोधणं, न्याहारीला भात आणि दोन सुके मासे, दहापर्यंत वर्ग, पुन्हा दोन ते पाच. चांगला मुलगा म्हणून नाव असूनही बाकावर आडवं करून पाचसहा फटके बसले नाहीत असा दिवस विरळा. लॅटिन आणि स्पॅनिश पाठ झालं, पण छडीच्या जोरावर. त्याच्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीत छडीच्या शिक्षणाबद्दल बोलणारा शाळामास्तर कुठून आला ते इथे कळतं.

आता आतेनेओ ही शाळा, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची, मनिलाच्या तटबंदीच्या आत. १८७२ मध्ये आधी प्रवेश नाकारला: नोंदणीची मुदत उलटलेली, आणि मुलगा वयाच्या मानाने खुरटा, अशक्त. बुर्गोसचा पुतण्या मान्वेल हेरेस बुर्गोस मधे पडला तेव्हा घेतलं. राहण्याची सोय अशी की एका बाईकडे रिसाल कुटुंबाचे ३०० पेसो येणं होतं, तिच्या घरी मुलाला ठेवून त्यातला काही भाग वळता करायचा.

वर्गाची रचना लष्करी. वसतिगृहातली मुलं 'रोमन', लाल निशाण. बाहेरून येणारी 'कार्थेजियन', निळं निशाण. प्रत्येक गटात सम्राट, त्याखाली ट्रिब्यून, डेक्युरियन, सेंच्युरियन, निशाणवाला. समोरच्याला प्रश्न विचारून तीन चुका काढल्या की त्याची जागा तुमची. कच्च्या स्पॅनिशमुळे रिसाल वर्गाच्या शेवटी बसला होता, महिन्याभरात सम्राट झाला. दुपारच्या सुट्टीत सांता इसाबेल विद्यालयात तीन पेसो देऊन स्पॅनिशची शिकवणी लावली ती वेगळीच. पुढच्या सहामाहीत मास्तरच्या बोलण्याने दुखावला आणि मागे पडला, हेही त्यानेच लिहिलं आहे.

या पद्धतीचा परिणाम साधा पण खोल. स्पॅनिश मुलगा आणि देशी मुलगा एकाच फळीवर, आणि तीन चुका म्हणजे तीन चुका, कुणाच्याही. बाहेर जे कुठेच मिळत नव्हतं ते त्याला अकराव्या वर्षी वर्गात मिळालं. पुढे फादर फ्रान्सिस्को दे पावला सांचेस यांनी त्याला कवितेकडे वळवलं. २३ मार्च १८७७ ला पदवी, सर्वोच्च श्रेणीत. आई तुरुंगात असतानाच्या वर्षांत त्याने 'काउंट ऑफ माँटे क्रिस्तो' वाचलं. निरपराध कैदी आणि श्रीमंत होऊन परतलेला सूडकरी! त्याच्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या पुढच्या कादंबरीतला सिमून त्याच जातीचा.

कोरीव

पाटीपेन्सिल, यातला बराच भाग मी आधी लिहायला हवा होता. पण आतेनेओच निर्णायक असतं तर तो काय झाला असता याचं उत्तर त्याने स्वतः दिलं आहे. १८ एप्रिल १८८९ रोजी चळवळीतले सहकारी मारियानो पोन्से यांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, १८७२ नसतं तर रिसाल आज जेझुइट असता आणि 'नोली' लिहिण्याऐवजी त्याच्या उलट काहीतरी लिहिलं असतं. लहान असताना ते अन्याय पाहून या बळींचा सूड घेण्याची शपथ घेतली, असंही त्यातच आहे.

सांजवारा, आईबद्दल एक गोष्ट. १८७७ नंतर त्याला पुढे शिकवायला तिचा विरोध होता. आणखी शिकला तर याचं डोकं उडवतील, असं ती म्हणाली असं सांगतात. पुढे पाठवलं ते वडिलांनी आणि पासियानोने.

सांजवारा

विरोध होता म्हणून प्रभाव कमी कसा होईल? अडीच वर्षं खोट्या आरोपाखाली काढलेल्या बाईला सरकार काय करू शकतं हे घरात सर्वांत जास्त कळत होतं. आणि तिचा अंदाज खरा ठरला.

पोन्सेच्या पत्राबद्दल मात्र सावध राहा. ते सत्तावीस वर्षांच्या, चळवळीत मुरलेल्या माणसाने सतरा वर्षांनी मागे वळून लिहिलेलं आहे. 'फिलिबुस्तेरिस्मो' १८९१ मध्ये गेंट इथे छापलं, अर्पण त्याच तीन पाद्र्यांना. त्या अर्पणपत्रिकेत देहदंडाची तारीख २८ फेब्रुवारी आहे, १७ नव्हे. गोमेसना ८५ वर्षांचं केलं आहे, ते ७२ चे होते. बुर्गोसना ३०, ते ३५ चे. ज्या दिवसाने आयुष्य वळलं म्हणतो, तो दिवसच चुकला.

कोरीव

तारीख चुकली हे खरं, आणि तो मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. पण मला त्यातून उलट दिसतं. दहा वर्षांचं पोर कालांबात होतं, मैदानावर नव्हतं. तारीख आणि वयं त्याच्याकडे कागदातून आली नाहीत, ऐकून आली. कालांबाच्या त्या घरात बुर्गोसजवळ राहून आलेला माणूस एकच होता.

मूळप्रत

हा अंदाज आहे, पुरावा नाही. 'ऐकून' इथपर्यंत मी येतो. 'पासियानोकडून' हे तुम्ही जोडता आहात.

कोरीव

बरोबर, अंदाज आहे. आणि तो अंदाजच राहील, कारण पासियानो बोलला नाही. १८९६ मध्ये भावाविरुद्ध सही करावी म्हणून त्याचे हाल केले, त्याने सही केली नाही. नंतर क्रांतीत तो सेनापती झाला, मग लोस बान्योसला शेती करत १९३० पर्यंत जगला. फोटो काढून घ्यायलाही तो तयार नसे.