मदत हवी आहे: नॅनोरॉडवरचा सीटॅब (रॉड बनवताना लागणारं, पेशींना विषारी असं साबणासारखं रसायन) जाईना, लेझरआधीच पेशी मरतात

एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशींवर सोन्याच्या नॅनोरॉडने (अतिसूक्ष्म कांड्यांनी) फोटोथर्मल प्रयोग करतोय, म्हणजे लेझरने रॉड तापवून पेशी मारायच्या. रॉडचं प्रकाश शोषण्याचं शिखर ८०५ नॅनोमीटरला, लेझर ८०८ चा, सलग, १ वॅट प्रति चौ.सेंमी, ५ मिनिटं. तापण्याची तक्रार नाही. पाण्यात २५ वरून ४९ अंशांपर्यंत जातं.

पण अंधारातल्या कंट्रोलमध्येही (रॉड आहेत, लेझर नाही) पेशी मरतात. नुसत्या लेझरखालच्या ठणठणीत आहेत. शेवटच्या धुण्याचं वरचं पाणी घातलं तरी मरतात, म्हणजे संशय सुट्या सीटॅबवरच. एमटीटीत (जिवंत पेशी मोजण्याच्या रंग-चाचणीत) रॉडचं स्वतःचं शोषण वजा केलेलं आहे.

आत्ताची पद्धत: सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० आरपीएमला १५ मिनिटं, दोनदा, मग ५ किलोडाल्टनचं थायॉल-पेग (सोन्याला चिकटून सीटॅबची जागा घेणारं पॉलिमर) रात्रभर, नंतर डायलिसिस. झीटा (कणांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) +४० मिलिव्होल्टवरून +१२ वर येऊन अडकतो. पेगआधी तिसऱ्यांदा फिरवलं की गोळा नळीच्या भिंतीला काळपट चिकटतो, सोनिकेशननेही सुटत नाही आणि शिखर पसरतं.

टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) हाताशी नाही. यूव्ही-व्हिज (प्रकाशाचं शोषण मोजायला), डीएलएस (कणांचा आकार मोजायला), झीटा आहे. सिलिकाचं आवरण नको, पुढे फोलेट (रॉड कर्करोगाच्या पेशींना चिकटावेत म्हणून) जोडायचंय.

पेग घालताना सीटॅब नेमका किती मिलिमोलरवर ठेवता? की एका फेरीनंतर धुऊन पेगची दुसरी फेरी देणंच बरं, आणि दिली तर पाण्यात की इथेनॉल मिसळून?