इंटर्नशिपला विद्यार्थी जातो, प्राध्यापक का नाही?

फाउंड्रीवाला (चर्चाप्रस्ताव)

नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच विद्यापीठांनी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात सत्रभराची इंटर्नशिप आणली आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पोरांना कंपनीच्या गेटवर सोडून येणं म्हणजे भागीदारी नव्हे. त्यांचा प्राध्यापकही आत आला पाहिजे.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात उद्योगांशी केलेले 'कार्यरत' सामंजस्य करार मोजले जात आले. मग शाल-श्रीफळ, फोटो, फाइल. असे करार आमच्याकडेही झालेत. सही वरच्या मजल्यावर होते, शॉपफ्लोअरवर कुणाला पत्ता नसतो.

पिलानीच्या बिट्समध्ये 1973 पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालू आहे. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने कंपनीत काम, शेवटच्या वर्षी साडेपाच महिने. संस्थेचा प्राध्यापक त्या कामाशी जोडलेला असतो आणि त्याचे रीतसर गुण मिळतात.

आता आमचं बघा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या पट्ट्यात कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात जा, रिजेक्शनचं रडगाणं ऐकू येईल. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या) येतात. साच्याच्या वाळूत ओल जास्त, की व्हेंटिंग (वायूला बाहेर पडायची वाट) कमी, की वाळू धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा गॅस? रोजच्या डिस्पॅचच्या घाईत कुणी मुळाशी जात नाही. एक विद्यार्थी आणि धातुशास्त्र जाणणारा एक प्राध्यापक सत्रभर यामागे लागले, तर कंपनीचा पैसा वाचेल आणि प्राध्यापकाला पुढची दहा वर्षं शिकवायला उदाहरणं मिळतील. नाहीतर रेडिमेड प्रोजेक्ट विकत मिळतातच.

तासिकेवरचा मास्तर

साहेब, प्राध्यापक आणायचा कुठून? आमच्या विभागात निम्मे लोक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाला पैसे मिळतात. तुमच्या वाळूची ओल मोजायला आलो, तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार? बिट्स आपला अभ्यासक्रम आपण ठरवते. संलग्न कॉलेजला एक टॉपिक बदलायचा तरी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं तोंड बघावं लागतं.

आणि खरा विरोध वेगळाच आहे. कंपनीला सोमवारी मशिनवर उभा राहील असा माणूस हवा असतो. पदवी चाळीस वर्षं पुरायची असते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये केटी (राहिलेला विषय) घेऊन बसलेल्या मुलाला सहा महिने बाहेर पाठवून काय साधणार?

फाउंड्रीवाला

अभ्यासक्रम कंपनीने ठरवावा असं मी कुठे म्हटलं? स्ट्रेंथ शिकवाच. पण शिकवणाऱ्याने तुटलेला शाफ्ट हातात घेऊन पाहिलेला असावा.

भोसरी_जॉबवर्क

दोघेही मोठ्या कंपनीचं बोलताय. माझ्याकडे दोन व्हीएमसी (धातू कापणारी संगणकीय मशिनं) आणि मोजकी माणसं. शिकाऊ पोराने ऑफसेट (मशिनला द्यायचं टूलचं माप) चुकीचा टाकला की टूल जॉबवर आदळतो, टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचा खर्च माझ्या बोकांडी. वर सुपरवायझरचा अर्धा दिवस त्याला सांभाळण्यात जातो. 'फुकट मनुष्यबळ' म्हणणाऱ्यांनी एकदा शॉप चालवून दाखवावं.

त्यापेक्षा ॲप्रेंटिस बरा. 1961 च्या कायद्यात 1973 साली दुरुस्ती होऊन पदवी-पदविकावालेही त्यात आले. वर्षभर रीतसर करार, किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा केंद्र सरकारचा. वर्ष मिळालं तर माणूस तयार होतो. सत्र संपेपर्यंत पोराला ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) जेमतेम दिसायला लागतो.

शेवटच्या_वर्षाची

आमचं कुणी विचारणार का? मी लातूरची. इंटर्नशिप पुण्यात, स्टायपेंड शून्य. रूम, मेस, बस सगळं घरून आणि कॉलेजची फी सुरूच. परवडत नाही त्या मुली काय करतात? पैसे भरून ऑनलाइन 'इंटर्नशिप' घेतात. चार व्हिडिओ, एक क्विझ, सर्टिफिकेट मेलवर. कॉलेज ते मान्य करतं, कारण रकाना भरला. मास्तर, माझी केटी नाही, तरी मला सहा महिने बाहेर जायचंय, फक्त उपाशी नाही.

वॉटर्लूकर

कॅनडातून लिहितोय. वॉटर्लू विद्यापीठात को-ऑप 1957 पासून आहे. चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, आलटून पालटून. कंपनी पगार देते. पदवीला जवळपास पाच वर्षं लागतात आणि त्यातली सुमारे दोन कामात जातात. फुकट राबवणाऱ्यांच्या जिवावर असली रचना टिकत नाही.

तासिकेवरचा मास्तर

आमचे निकाल वेळेवर लागत नाहीत, तिथे आलटून पालटून कसलं! फाउंड्रीवाले, उलटं करू. यूजीसीने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलाय. पीएचडीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव पुरे. तुम्हीच या वर्गावर.

फाउंड्रीवाला

येईन की. पण माझ्या येण्याने तुमचा कारखान्याशी संबंध येत नाही. मुद्दा तोच राहिला.

भोसरी_जॉबवर्क

एक सांगतो. प्राध्यापक आठवड्यातून एक पूर्ण दिवस शॉपवर येणार असेल, तर दोन मुलं घेतो. स्टायपेंड ॲप्रेंटिसइतका नाही, पण रूम-मेस निघेल एवढा देईन. ऑनलाइनवालं सर्टिफिकेट आणणारा नको.

तासिकेवरचा मास्तर

तो दिवस वर्कलोडमध्ये धरणार असल्याचं प्राचार्यांकडून लेखी मिळवतो. मिळालं तर पहिला मीच येतो. नाही मिळालं, तर पुन्हा अभ्यासक्रमावर भांडायला नका येऊ.

शेवटच्या_वर्षाची

भोसरीवाले काका, मेकॅनिकलच हवं का? मी इलेक्ट्रिकलची आहे.