पहिली .२२ रायफल: कागदावरचा नेम आणि डबे पाडणं, दोन्हीसाठी कुठली घ्यावी?

सांगलीकर_हॅरिसबर्ग

नमस्कार मंडळी. मी पेन्सिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. ग्रीन कार्ड झालं, आता बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट करायची आहे: स्वतःची .२२ एलआर (छोट्या काडतुसाची) रायफल. कॉलेजात असताना एनसीसीत डिलक्स रायफलवर चांदमारी केली होती, २५ यार्डांवर, वाट्याला मोजक्याच गोळ्या. ती गोडी अजून गेलेली नाही.

वापर दोन ठिकाणी होणार. क्लबात ५० यार्डांची रेंज आहे, तिथे कागदावर नेम. आणि मित्राच्या शेतात मातीचा उंच बांध आहे, तिथे डबे आणि फिरत्या लोखंडी चकत्या. सोबत तेरा वर्षांची लेक असेल. मी उजवा, ती डावखुरी. दोघांत एकच रायफल घ्यायची आहे.

दुकानात चार हातात घेऊन पाहिल्या: रुगर १०/२२, सॅव्हेज मार्क टू, सीझेड ४५७ आणि हेन्रीची लिव्हरवाली. दुर्बिणीसकट ८०० डॉलरपर्यंत जाईन. तुमची आवडती कुठली आणि का, ते सांगा.

नाशिककर_टेक्सास

१०/२२ घ्या, डोळे झाकून. सेमी-ऑटो आहे, म्हणजे बार झाला की पुढची गोळी आपोआप भरली जाते. १९६४ पासून बनतेय. दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन दस्त्याच्या पोटात सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही. नळी, ट्रिगर, दस्ता, सगळं घरच्या टेबलावर बदलता येतं आणि सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात. रांगेने मांडलेले डबे धडाधड पाडण्यात जी मजा आहे ती दर गोळीला हाताने भराव्या लागणाऱ्या बोल्टवाल्या रायफलीत नाही. पोरं तर सोडतच नाहीत.

सातारकर_इरीकाठ

१०/२२ माझ्याकडेही आहे आणि ती मी कधीच विकणार नाही. पण तुमची गरज वाचून मी बोल्ट ॲक्शनच सांगेन, आणि त्यातही सीझेड ४५७. मी ओहायोत टोलेडोला असतो. कपाटातल्या सगळ्या रायफलींत रेंजवर जाताना हात आपोआप जिच्याकडे जातो ती हीच.

कारण सांगतो. शिकणाऱ्याच्या हातात सेमी-ऑटो असली की पहिला बार हुकल्याबरोबर दुसरा निघून जातो. पहिला का हुकला हे बघायला उसंतच मिळत नाही. बोल्टवाल्या रायफलीत प्रत्येक गोळीमागे थांबावं लागतं: बोल्ट उचला, मागे ओढा, पुंगळी चटईवर पडते, बोल्ट पुढे. तेवढ्यात श्वास जागेवर येतो आणि नेम पुन्हा पहिल्यापासून धरला जातो. ४५७चा बोल्ट ६० अंशच उचलावा लागतो, त्यामुळे बोटं दुर्बिणीला अडत नाहीत. ट्रिगर घरी हलका-जड करता येतो. नळी खराब झाली किंवा दुसरी हवी झाली तर ती बदलायचीही सोय आहे.

लेकीबद्दल. सर्वात आधी तिचा डोळा तपासा, हात नंतर. दोन्ही तळवे पुढे ताणून बोटांच्या बेचक्यात छोटी खिडकी करायला सांगा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघू द्या. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसत राहतं तो तिचा नेमाचा डोळा. डावखुऱ्या मुलांतही तो उजवा निघू शकतो, आणि तसं झालं तर सुरुवातीपासून उजव्या खांद्यावरच शिकवा. डावाच निघाला तरी घाबरायचं कारण नाही. ४५७ आणि मार्क टू दोन्ही डाव्या बोल्टमध्ये मिळतात, पण तुम्हाला दोघांत एकच हवी आहे म्हणून उजवीच घ्या. बाकावर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून बसली की तिचा डावा हात मुठीवरच राहील आणि मोकळा उजवा हात बोल्ट चालवेल. खांद्यावरून दस्ता हलतच नाही. माझ्या क्लबातले काही डावखुरे मुद्दाम असंच खेळतात. फक्त ‘अमेरिकन’ नावाचा सरळ दस्ता घ्या. गालासाठी एकाच बाजूला उंचवटा असलेला घेतलात तर तिच्या गालाला आधार मिळणार नाही. १०/२२ची पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून. चष्मा असला तर इजा नाही, पण नवशिकं मूल पापणी मिटायला लागतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

दस्त्याची लांबीही पाहा. मागचं टोक तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. ४५७ची ‘स्काउट’ लहान मुलांसाठीच आहे, दस्ता १२ इंची, पण तेरा वर्षांच्या मुलीला ती लवकरच तोकडी पडेल आणि तुम्हाला आजच पडेल.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय: गोळ्या. रायफलींवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण ५० यार्डांवरचा निकाल बहुतेक वेळा गोळ्यांच्या डबीत ठरलेला असतो. मोठ्या काडतुसांसारखी .२२ घरी भरता येत नाही, कारण पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत कारखान्यातच बसवलेला असतो (म्हणूनच हिला ‘रिमफायर’ म्हणतात). कारखाना देईल तेच आपल्या हाती. आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा, एकीला मानवणारी गोळी दुसरीला चालेलच असं नाही. म्हणून दुर्बिणीवर सगळे पैसे उडवू नका. सीसीआय स्टँडर्ड, एसके स्टँडर्ड प्लस, एली क्लब, लापुआ सेंटर-एक्स, प्रत्येकी ५० गोळ्यांची एकेक डबी आणा. वारा पडलेली सकाळ बघा. नवी डबी फोडली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मातीत घाला. गोळीला बोट लावून बघा, मेणचट लागेल. प्रत्येक कंपनीचं हे मेण वेगळं असतं आणि आधीच्या गोळ्यांचा थर नळीत बसलेला असतो. तो बदलला की मग कागदावर पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडलेल्या भोकांचे पुंजके, घ्या. आणि सर्वात चांगल्या ग्रुपवर खूश होऊ नका, सर्वात वाईट ग्रुप मोजा. ज्या डबीचा वाईट ग्रुपसुद्धा क्वार्टरच्या (२५ सेंटच्या) नाण्याखाली झाकला जातो, तिच्या झाकणावरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटच्या परवडतील तेवढ्या घ्या. माझ्या ४५७ला एसके मानवते. तिच्यापेक्षा बऱ्याच महाग गोळ्या तिने नाकारल्या आहेत.

डबे पाडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. .२२ लहान दिसते पण मैलापलीकडे जाऊ शकते, आणि मऊ शिसं दगडावरून किंवा पाण्यावरून फार सहज उडतं. मागे मातीचा बांध आहे हे उत्तमच, पण डबे बांधाच्या माथ्यावर मांडू नका, पायथ्याशी मांडा. लोखंडी चकत्या पुढे झुकलेल्या हव्यात, म्हणजे शिंतोडे जमिनीकडे जातात. चाप ओढून बार निघाला नाही तर नळी समोरच धरून ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. चष्मा आणि कानाला मफ दोघांनाही. घरी परतल्यावर जेवणाआधी साबणाने हात, कारण शिसं.

आणि जमलं तर उन्हाळ्यात कॅम्प पेरीला या. इथे एरी सरोवराच्या काठावर सीएमपी या नागरी नेमबाजीच्या संस्थेची रिमफायर स्पोर्टर मॅच होते. रायफल साडेसात पौंडांच्या आत, ट्रिगर ओढायला किमान तीन पौंडांचा जोर लागणारा, म्हणजे तुमच्या-माझ्या दुकानातल्या साध्या रायफलींसाठीच केलेली स्पर्धा. ५० आणि २५ यार्ड, ६० गोळ्या, निजून, बसून, उभं राहून. दुर्बीण सहापट चालते. शाळकरी मुलं आणि आजोबा शेजारी शेजारी झोपून नेम धरतात.

सांगलीकर_हॅरिसबर्ग

फार उपयोगी, आभार. डोळ्याची परीक्षा आत्ताच केली, लेकीचा डावाच निघाला. एक विचारू का? दुकानदार म्हणतो हाय व्हेलॉसिटी गोळ्या घ्या, वेग जास्त म्हणजे वाऱ्याचा परिणाम कमी. १०० यार्डांवरही कधीतरी मारायचं मनात आहे.

सातारकर_इरीकाठ

.२२ मध्ये उलटं आहे. स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण १०७० फुटांनी निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, आणि शेवटपर्यंत खालीच राहते. हाय व्हेलॉसिटी १२०० च्या वर निघते आणि वाटेत आवाजाचा वेग उतरून खाली येते. त्या टप्प्यात हवेचा अडथळा एकदम वाढलेला असतो, म्हणून तिचा वेग भराभर गळतो आणि वारा तिला स्टँडर्डपेक्षा जास्त ढकलतो. डब्यांना आणि सेमी-ऑटोला ती ठीक, कागदाला स्टँडर्डच. ५० यार्डांवर शून्य केलीत (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलीत) तर १०० वर गोळी सहा-सात इंच खाली पडेल. दुर्बीण रिमफायरची घ्या, म्हणजे पॅरलॅक्स ५० यार्डांला जुळवलेला. १०० यार्डांची दुर्बीण ५० वर डोळा जरा हलला की नेमाची फुली सरकवते.

प्रोन_पुणे

मी बालेवाडीला ५० मीटर खेळते. आमच्या टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, आणि तोही दुर्बिणीशिवाय, डायॉप्टरमधून, म्हणजे नुसत्या बारीक भोकातून बघून. इथे परवाना, संघटनेची शिफारस, आयात केलेल्या गोळ्या असं सगळं असल्यामुळे डबे पाडायला म्हणून कुणी .२२ बाळगत नाही. गोळी मोजून वापरायची आणि कोरडा सराव भरपूर करायचा.

तोच सराव लेकीला लावा. रिकाम्या रायफलीवर, नळी पुन्हा पुन्हा तपासून. पण .२२ तशीच रिकामी झाडू नका. काडतुसावर आपटणारी पिन चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर आपटू शकते. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात तो छोटा पिवळा प्लॅस्टिकचा प्लग चेंबरमध्ये बसतो, तो घाला आणि झिजला की बदला. गोफण, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, सुरुवातीलाच द्या. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास, डोळे उघडायचे. फुली टार्गेटवरून सरकलेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पोट आणि कंबर हलवून सगळं शरीर फिरवायचं. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला प्रोनचं (निजून नेम धरण्याचं) जागतिक सुवर्ण घेतलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, निजून, उभं राहून) कांस्य. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले, तुमच्या सांगलीच्या शेजारचे! मुलीला स्वप्नीलच्या फायनलचं चित्रण दाखवा. गोळी सुटल्यावरही स्वप्नील डोळा काढत नाही, ते तिला दिसलं पाहिजे.

एडिसनचा_विदर्भवाला

मध्येच विचारतो. मी न्यू जर्सीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला घेता येईल का?

सातारकर_इरीकाठ

साधारणपणे नाही. संघराज्याच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. अपवाद थोडे आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. दुकानात बंदूक घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर हाच प्रश्न येतो आणि खोटं उत्तर हा गंभीर गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेऊन झाडणंही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. शिवाय न्यू जर्सीत वेगळं ओळखपत्र लागतं, तिथले नियम पेन्सिल्व्हेनियापेक्षा कडक आहेत. व्हिसाचा प्रश्न असल्यामुळे पैसे देण्याआधी वकिलाला विचाराच.