मदत हवी आहे: सोन्याऐवजी चांदीचं चलन, पण किरकोळ भाव कसे बसवायचे?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ, पाचवी आवृत्ती, 2014 ची दरयादी. 1 सोनं = 10 चांदी = 100 तांबं. मला रोजचा व्यवहार चांदीत आणायचाय, म्हणजे सोन्याचं नाणं हाती आलं की खेळाडूंना ते खरंच मोठं वाटेल.

आधी सगळेच भाव दहाने भागले. लांब तलवार 15 सोन्याची 15 चांदीला, हे छान बसलं. पण 1 तांब्याची मशाल 0.1 तांब्यावर आली आणि 4 तांब्यांचा एल बिअरचा मग 0.4 वर. असं नाणंच नाही.

मग फक्त सोन्यातले भाव चांदीत नेले, चांदी-तांब्यातले जसेच्या तसे ठेवले. यात गणितच कोसळलं: कुशल कारागिराची 2 सोन्याची रोजंदारी 2 चांदी झाली, आणि साध्या मजुराची मुळातच 2 चांदी आहे. एका दिवसाची शिधा 5 चांदी, खंजीर मात्र 2 चांदीला!

मोहीम सुरू आहे, पात्रं तिसऱ्या पातळीवर. खजिना आणि मंत्रांसाठी लागणाऱ्या हिऱ्यांच्या किमती दहाने भागायला सगळे तयार आहेत. हिशेब कागदावरच होतो. इलेक्ट्रम (सोनं-चांदीच्या मिश्रधातूचं नाणं) नको. 50 नाण्यांचं वजन 1 पौंड, हा नियम मात्र हवाच.

पहिली पद्धत ठेवून तांब्याखाली दहाला एक असं शिशाचं नाणं आणलं, तर वजनाचा हिशेब डोईजड होतो का? की दुसरी पद्धत धरून मजुरी आणि शिधा हाताने दुरुस्त करणं बरं? तसं केलं असेल तर आणखी कोणत्या वस्तूंचे भाव बदलावे लागले?