लेझरची तबकडी? फाईल 78 फेऱ्यांसाठी बनवा

एक दादा म्हणतात, लेझरनं खाच कापून बनवलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीतून नुसती खरखर येते, थ्रीडी प्रिंट केलेली तबकडीच बरी. खरखर येते हे मान्य, पण तबकडी मिनिटाला किती फेऱ्या फिरते, 33 की 78, त्याचं कोणीच बोललं नाही. अमेरिकेतल्या अमांडा घसाई या अभियंता बाईनं 2013 मध्ये लाकूड, अ‍ॅक्रिलिक, कागदावर तबकड्या कापल्या, त्यात खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते, आणि लेझरचा ठिपका जाड, बारीक वळणं नीट उमटत नाहीत, म्हणून 33 वर वरचे सूर दबतात.

मी साकोलीच्या नेमप्लेटवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकवर आमच्या गावच्या दंडारीचा, म्हणजे झाडीपट्टीतल्या लोकनाट्याचा, तुकडा कापून घेतला, आधी 33 साठी, तर ढोलकी तेवढी कळे, टाळ गायबच. मग कापायची फाईल 78 साठी काढली, सुईखालून सेकंदाला जास्त खाच सरकते ना, टाळाची किणकिण आली बापा! वेळ मात्र निम्म्याहून कमी होतो. आणि वाजवायच्या आधी खाचेतला वितळलेला चुरा जुन्या टूथब्रशनं नक्की काढा.